फोटोतल्या बायका कोण?

आज आपण संगणकाविषयी बोलणार आहोत, पण तो कसा चालवायचा हे सांगायला बसलेलो नाही. तो ज्यांनी पहिल्यांदा चालवला त्या बायकांची नावं कुठं हरवली आणि नंतरच्या बायकांनी आपली नावं हरवू नयेत म्हणून काय केलं, ते सांगायचं आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे. पण केलेलं काम आणि कागदावरचं नाव यांची ताटातूट आपल्याला नवी नाही. सातबारा पाहिलेल्या बाईला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. तोफेचा गोळा कुठं जाऊन पडेल याचे तक्ते सैन्याला हवे असायचे. ही आकडेमोड गणित शिकलेल्या तरुण मुली करायच्या. गोळ्याच्या एका वाटेचा हिशेब हातानं करायला तीस-चाळीस तास लागत. या मुलींच्या हुद्द्याचं नाव काय होतं ठाऊक आहे? कॉम्प्युटर. म्हणजे हा शब्द आधी माणसाचा होता, तोही बहुतेक बायकांचा. यंत्राला तो नंतर मिळाला.

फिलाडेल्फिया शहरातल्या विद्यापीठात एनिॲक नावाचं अवाढव्य यंत्र तयार होत होतं. त्यात सुमारे 18,000 काचेचे व्हॉल्व्ह होते. या मुलींमधल्या सहा जणींना त्या कामासाठी निवडलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्राला कळफलक नव्हता. वायरी जोडायच्या, बटणं फिरवायची आणि त्यातून यंत्राला काम सांगायचं. ते कसं करायचं याचं पुस्तकही नव्हतं. यंत्राचे नकाशे हातात दिले आणि सांगितलं, शिका यातून. त्या शिकल्या.

फेब्रुवारी 1946 मध्ये हे यंत्र लोकांना दाखवायचं ठरलं. गोळ्याची वाट काढून दाखवण्याचं काम दोघी बेटींकडे होतं. आदल्या रात्री सगळं बरोबर आलं, फक्त एक खोट राहिली. हिशेबातला गोळा जमिनीवर आदळला तरी थांबेना, जमिनीत घुसतच चालला. दोघी उशिरापर्यंत खपल्या, तरी चूक सापडेना. बेटी स्नायडर घरी गेली, झोपली, सकाळी आली आणि तिनं नेमकं एक बटण फिरवलं. गोळा थांबला. पाहुण्यांसमोर सगळं झोकात पार पडलं. रात्री मोठी मेजवानी झाली. तिचं निमंत्रण या सहा जणींना नव्हतं.

चाळीस वर्षांनी, 1980 नंतरच्या दशकात, कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीला त्या यंत्राचे जुने फोटो दिसले. पुरुषांची नावं छापलेली, बायकांची नाहीत. या कोण, असं तिनं जाणकारांना विचारलं. उत्तर मिळालं, फ्रिजच्या जाहिरातीत बाया उभ्या करतात ना, तशा शोभेला उभ्या केल्या असतील. तिला ते पटलं नाही. तिनं शोध घेतला, त्या म्हाताऱ्या झालेल्या बायका गाठल्या, त्यांच्या तोंडून सगळं नोंदवून घेतलं. 1997 मध्ये तंत्रज्ञानातल्या बायकांच्या एका मोठ्या संस्थेनं सहाही जणींचा गौरव केला. इतकी वर्षं गेली, कारण ज्या दिवशी काम जगापुढं मांडलं गेलं त्या दिवशी त्या बोलायला उभ्या नव्हत्या. आम्हाला तरी हेच कारण दिसतं.

आता त्याच काळातली दुसरी बाई, ग्रेस हॉपर. गणितातली डॉक्टरेट, नंतर नौदलात अधिकारी. तिला वाटलं, यंत्राला दरवेळी आकड्यांच्या भाषेत का सांगायचं? आपल्याला कळतील अशा खुणांत सांगावं आणि त्याचं भाषांतर यंत्रानंच करावं. तिनं तशी सोय करून दाखवली, तर लोक म्हणाले, यंत्र फक्त बेरीज-वजाबाकी करतं, त्याला हे कसं जमेल! मे 1952 मध्ये पिट्सबर्ग शहरातल्या परिषदेत तिनं यावर निबंध मांडला. त्याचं नाव होतं, संगणकाचं शिक्षण. यंत्राकडून कार्यक्रम लिहून घेण्याची वाट आपल्या आधी बेटी स्नायडरनं दाखवली होती, हे हॉपर पुढे भाषणांतून सांगत राहिली. बेटीचं लग्नानंतरचं आडनाव होल्बर्टन. दोघींनी एकाच कंपनीत काम केलेलं. एका बाईनं दुसरीचं श्रेय भर सभेत तिच्या नावानं द्यावं, ही आमच्या मते साधी गोष्ट नाही.

हॉपरची बोलण्याची रीत आपल्या कीर्तनकारांना आवडली असती. संदेश पोचायला वेळ का लागतो, असं मोठे अधिकारी विचारत. ती पिशवीतून वायरचा तुकडा काढायची, फुटाला जरा कमी. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढीच जाते, असं म्हणून तुकडा हातात द्यायची. आता इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील, मोजा म्हणावं!

1984 च्या सुमारास अमेरिकेत संगणकाची पदवी घेणाऱ्या शंभरात 37 मुली होत्या. पुढे त्या वाढायला हव्या होत्या, पण घटत घटत 18 च्या आसपास आल्या. घरोघरी छोटे संगणक आले तेव्हा जाहिरातींत ते मुलांचं खेळणं म्हणून दाखवले गेले. मुलगा घरी खेळून तयार होऊन कॉलेजात यायचा आणि मुलगी पहिल्याच दिवशी मागं पडल्यासारखी वाटायची.

1987 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात संगणकतज्ज्ञांची परिषद भरली. परिषद म्हणजे आपण काय शोधलं ते जाणकारांपुढं मांडायचं, प्रश्न झेलायचे. तिथंच ओळखी होतात, नोकऱ्या ठरतात. ॲनिटा बोर्ग नावाच्या तज्ज्ञ बाईनं आजूबाजूला पाहिलं तर बायका हातावर मोजण्याइतक्या. सहा-सात जणींची गाठ पडली कुठं, तर बायकांच्या स्वच्छतागृहात! तिथंच बोलणं रंगलं, मग सगळ्या मिळून जेवायला गेल्या. विसेक जणींचे पत्ते जमले आणि संगणकावरून एकमेकींना पत्रं लिहिणं सुरू झालं. गटाचं नाव ठेवलं सिस्टर्स, म्हणजे बहिणी; त्यात सिस्टीम हा शब्दही दडलेला.

नियम आपल्या बचत गटासारखेच. या कामातल्या बायकांनाच प्रवेश, आणि आतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. पुरुषांना वगळणं हा उलटा भेदभाव नाही का, असं विचारणारे निघाले. बोर्गचं म्हणणं, ज्यांची संख्या इतकी थोडी आहे त्यांना मोकळं बोलायला आपली जागा लागते. 1992 मध्ये गणिताचा वर्ग अवघड असतो असं म्हणणारी बार्बी बाहुली बाजारात आली, तेव्हा त्याविरुद्ध या गटातून आवाज उठला. कंपनीला ते वाक्य काढावं लागलं, त्यात गटाचाही हात होता.

पण पत्रांनी भागेना. बोर्ग आणि तिची मैत्रीण टेली व्हिटनी एकदा जेवायला बसल्या, समोर कोरा कागद. परिषद कशी भरवतात याची दोघींना काही कल्पना नव्हती. जून 1994 मध्ये वॉशिंग्टनला ती भरली आणि 500 बायका आल्या. ग्रेस हॉपर दोन वर्षांपूर्वी वारली होती. परिषदेला तिचं नाव दिलं. दुःखं सांगण्यापुरती ती नव्हती. बायका व्यासपीठावर गेल्या आणि आपापलं संशोधन मांडलं. बोर्ग 2003 मध्ये मेंदूच्या कर्करोगानं गेली, वय अवघं 54. 2020 पर्यंत या क्षेत्रात निम्म्या बायका असाव्यात, हे तिचं स्वप्न मात्र राहूनच गेलं.

परिषद वाढत गेली. 2018 मध्ये 20,000 हून जास्त जणी आल्या. इतकी गर्दी झाली की संशोधनापेक्षा नोकऱ्यांच्या स्टॉलपुढं रांगा मोठ्या. 2023 मध्ये नोकऱ्या गेलेले पुरुषही तिथं रांगेत शिरले आणि मुली मागं ढकलल्या गेल्या. आयोजकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. जत्रा मोठी झाली की देवळापर्यंत पोचायला वेळ लागतो, तसंच हे.

डिसेंबर 2010 मध्ये हीच परिषद पहिल्यांदा भारतात, बेंगळुरूला भरली. अशा परिषदेत मोठी भाषणं होतात, पण आम्हाला जास्त आवडतो तो पोस्टरचा भाग. विद्यार्थिनी आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडते, वर आपलं नाव लिहिते आणि कागदाशेजारी उभी राहते. या कामात वर्षं घालवलेल्या बायका एकेक करून तिच्यापाशी थांबतात आणि विचारतात, हे तू कसं केलंस, सांग बरं.