फुकटच्या ओढीवर चालणारा गारवा

पेट्रोल इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप, मिटलेले असले की इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. गाडी उभी असताना धडधाकट इंजिन साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम धरते. ही ओढ फुकटची, त्यामुळे अमेरिकी मोटारींचे वायपर कित्येक वर्षे तिच्यावरच फिरत. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडे, ओढ ओसरे आणि नेमक्या पावसात वायपर मरगळत.

वातानुकूलन आले ते या सोयीशिवाय. १९४० च्या पॅकार्डमध्ये ते कंपनीकडूनच बसवून मिळे. पण कंप्रेसर थांबवायचा तर बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे. १९५४ मध्ये नॅशने हीटर आणि गारवा एका यंत्रणेत आणले. १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये तापमान एकदा ठरवले की पुढचे यंत्रणाच पाहू लागली. वारा कधी पायांकडे, कधी तोंडावर, कधी काचेवर वळवायला डॅशबोर्डमागे झडपा आल्या आणि त्या हलवायला रबरी पडद्याच्या डब्या. डबीतली हवा ओढली की पडदा आत जाई आणि दांडीने झडप फिरे. चढावरची जुनी खोड टाळायला ओढ साठवणारी टाकी आणि एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह जोडला गेला.

या यंत्रणेतली गळती ओळखण्याची खूण अभियंत्यांनीच ठेवलेली होती. धुके धरलेली काच धोक्याची, म्हणून ओढ संपली की बहुतेक अमेरिकी गाड्यांत स्प्रिंग सगळा वारा काचेकडे लावी. सपाटीवर तोंडावर येणारा गार वारा चढ लागताच काचेकडे पळाला, तर संशय पहिल्यांदा टाकीवर आणि व्हॉल्व्हवर. जीप चेरोकीत तर टाकी म्हणजे पुढच्या बंपरमागचा प्लास्टिकचा गोळा. किरकोळ धडकेतही तो तडके.

डॅशबोर्डमागून फुसफुस ऐकू आली तर बटण फिरवून पाहत. एकाच जागी आवाज वाढला, तर त्या जागेची डबी फाटलेली. खात्री हातपंपाने होई: नळी इंजिनापासून सोडवायची, पंपाने ओढ द्यायची, काटा पाहायचा. काटा घसरला तर नळीचा एकेक फाटा चिमटून पुन्हा तपासायचे. फाटा चिमटताच काटा स्थिरावला, की गळती त्याच फाट्यात. बहुतेक वेळा दोष टोकाशी वाळून चिरलेल्या रबरात निघे आणि चिरलेला तुकडा कापून नळी परत बसवली की काम भागे.

मर्सिडीजच्या डिझेल गाड्यांत प्रकरण आणखी चमत्कारिक होते. डिझेलला थ्रॉटल नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप लागे आणि त्याच्याच ओढीवर वातानुकूलनाच्या झडपा, दारांची कुलुपे, अगदी इंजिन बंद करण्याची सोयही चाले. कुलपाची डबी फाटली तर कधीकधी किल्ली काढूनही इंजिन धडधडत राही.

पुढे झडपांना छोट्या विजेच्या मोटरी लागल्या आणि नळ्यांचे जाळे गेले. आता बिघाड झाला की फुसफुस येत नाही. दात तुटलेल्या प्लास्टिकच्या चाकाची टकटक येते.