तळटीप : ‘सांजेचा पेपर’
मूळ मजकुरात आटपाडीच्या संदर्भात आलेला ‘सांजेचा पेपर’ हा शब्द सांजदैनिक या अर्थाने घेऊ नये. सकाळचा अंक दिवेलागणीला हाती पडला म्हणून तो सांजदैनिक ठरत नाही; सांजदैनिक दुपारी छापून त्याच दिवशी खपवावे लागते. म्हणूनच त्याचा इतिहास बातमीपेक्षा वाटपाचा आहे, असे प्रस्तुत संपादकाचे ठाम मत आहे. निखिल वागळे यांचे ‘आपलं महानगर’ हे सांजदैनिक १९९० मध्ये मुंबईत निघाले; कचेऱ्या सुटल्यावर लोकलकडे वळणारी गर्दी हा अशा पत्राचा आधार. लोकलचे तेवढे जाळे नसलेल्या पुण्यातही ‘संध्यानंद’ रुजला, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने मुद्दा मोडत नाही, अधिक नेमका होतो : रेल्वे नव्हे, तर दोन-तीन तासांत गाठता येणारा दाट वाचकवर्ग ही खरी अट. आटपाडीला यातले काहीच नव्हते. औंध संस्थानचा हा महाल राजधानीपासून तुटलेला, रेल्वेपासून दूर, आणि दुष्काळी माणदेशात वस्त्या विरळ. इथे वाचनाची भूकच नव्हती, असा अर्थ मात्र कोणी काढू नये; ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे लेखक याच मातीतले.