पुरुषांच्या जुन्या दागिन्यांची ओळख व कालनिश्चिती : इस्लामपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अलंकारांचा अभ्यास प्रामुख्याने स्त्रियांच्या दागिन्यांभोवती फिरत राहिला आहे. पुरुषांच्या दागिन्यांकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्या मानाने कमी लक्ष गेले. पाश्चात्त्य देशांत एखाद्या व्यक्तीच्या निधनानंतर तिच्या घरातील वस्तूंची जाहीर विक्री होते आणि असे दागिने संग्राहकांपर्यंत पोहोचतात. वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपुरात (२०२५ मध्ये शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला) अशी प्रथा नाही. येथे भावाभावांत वाटणी होते, जुना वाडा उतरविला जातो किंवा आजोबांची पेटी उघडली जाते, तेव्हा हे दागिने उजेडात येतात. त्यानंतर ते बहुधा मोड म्हणून सराफाकडे जातात. वजन होते, घट धरली जाते आणि दागिना आटविला जातो. प्रस्तुत निबंधात अशा दागिन्यांची ओळख व कालनिश्चिती करण्याच्या पद्धतीचा विचार केला आहे. कोणतीही एकच खूण दागिन्याचा काळ सांगत नाही. घाट, नाणे, वजन व घडण यांचा पुरावा एकत्र वाचावा लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

घाट आणि पोशाख

पुरुषांचा दागिना पोशाखाशी बांधलेला असतो. पागोटे व पगडी होती तोवर शिरपेच व तुरा यांना जागा होती. कानात चौकडा व भिकबाळी, गळ्यात कंठी व गोफ, मनगटावर पोहची व कडे, कमरेला चांदीचा करदोडा, दंडावर ताईत अशी ही मालिका होती. मराठेशाहीत कडे व तोडा हे केवळ भूषण नव्हते. पराक्रमाबद्दल मिळालेला तो सन्मान होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स यांनी पुण्यात रंगविलेली सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे या काळातील अलंकारांचा दृश्य पुरावा देतात. इस्लामपूरचा परिसर ज्या जिल्ह्यात मोडत होता, त्या सातारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील लोकसमूहांच्या वर्णनात पोशाख व दागिन्यांचीही माहिती येते.

पुढे कोट, सदरा व टोपी रूढ झाल्यावर अलंकारांचे रूप पालटले. साखळीने जोडलेल्या सोन्याच्या गुंड्या, खिशातील घड्याळाचा छडा आणि नावाची आद्याक्षरे कोरलेली अंगठी हे नव्या शिक्षित वर्गाचे दागिने होत. मनगटी घड्याळ आल्यावर छड्याचेही प्रयोजन संपले.

घाटावरून काळ ठरविताना दोन बाबतींत सावधगिरी हवी. पहिली, कडे व गोफ स्त्रिया आणि मुलेही वापरीत. त्यामुळे घेर, वजन व घरातील आठवण यांच्या आधारेच तो दागिना पुरुषाचा होता असे म्हणता येते. दुसरी, जुना घाट पुन्हा घडविला जातो. २०१५ मधील ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटानंतर भिकबाळीला नव्याने मागणी आली. घाट पेशवाईचा आणि दागिना दहा वर्षांपूर्वीचा, असे सहज घडू शकते.

नाणी व शिक्के

दागिन्यात नाणे जडविलेले असल्यास काळाची एक सीमा निश्चित होते. भारतीय नाण्यांवर व्हिक्टोरियाचा उल्लेख १८७६ पर्यंत ‘राणी’ आणि १८७७ पासून ‘सम्राज्ञी’ असा आढळतो. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये पाडलेल्या सोन्याच्या गिनीवर ‘आय’ या अक्षराची खूण आहे. तथापि नाण्यावरील वर्ष म्हणजे दागिन्याचे वर्ष नव्हे. १९१८ ची गिनी १९५० मध्येही अंगठीत बसविता येते. दागिना त्या वर्षापूर्वीचा नाही, एवढेच नाणे सांगते.

इंग्लंडहून आलेल्या छड्यांची स्थिती वेगळी आहे. लंडनमध्ये १४७८ पासून मौल्यवान धातूच्या वस्तूंवर वर्षदर्शक अक्षर उमटविले जाऊ लागले. १७७३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूण नांगर ही आहे. अशी मुद्रा स्पष्ट असेल तर तपासणीचे वर्ष काढता येते. भारतात सोन्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली. म्हणून आपल्या जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसणे हा संशयाचा मुद्दा होऊ शकत नाही.

वजन, कस व घडण

जुना सोनार तोळा, मासा व गुंज या मापांत काम करी. ९६ गुंजांचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होतो. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. एखादे कडे ५८.३ ग्रॅम भरले तर तो आकडा विचित्र वाटतो. परंतु ते बरोबर पाच तोळे आहेत. झीज व दुरुस्ती लक्षात घेऊनही हे गणित अनेकदा उपयोगी पडते.

कसाचाही इतिहास आहे. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई झाली. हे बंधन १९६६ मध्ये उठले. स्थानिक घडणीची १४ कॅरेटची लग्नातील अंगठी सापडल्यास या काळाचा विचार प्रथम करावा लागतो. के.डी.एम. हा छाप त्याहून बराच अलीकडचा आहे.

खडे व मोतीही बोलतात. व्हर्न्यूल यांची कृत्रिम माणिक तयार करण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. भिंगाखाली भिकबाळीच्या माणकात वक्र रेषा व हवेचे बुडबुडे दिसले, तर तो खडा त्यापूर्वीचा नाही. गोल संवर्धित मोती बाजारात आले ते १९२० च्या दशकाच्या सुमारास. अर्थात खडा नंतर बदललेला असू शकतो. म्हणून कोंदणाच्या कडा पुन्हा उघडल्या आहेत काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

नष्ट होणारे साधन

या विषयाला आपल्या जिल्ह्यात एक विशेष संदर्भ आहे. खानापूर तालुक्यातील विटा परिसरातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरले. जुने सोने शुद्ध करून पुन्हा बाजारात आणण्याचे हे कौशल्य जिल्ह्याच्या अर्थजीवनाचा अभिमानास्पद भाग आहे. मात्र मुशीतून बाहेर पडलेल्या सोन्याला आधीचा इतिहास उरत नाही. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा दर एक लाख रुपयांपुढे गेला. अशा वेळी अडगळीतील गोफ मोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. शेतकरी कुटुंबाची शिक्षणाची, आजारपणाची वा विहिरीची गरज त्यातून भागत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

समारोप

दागिना वाचविणे इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती नसते. त्याची नोंद मात्र त्याच्या हाती असते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात ही नोंद समाविष्ट करावी. कुटुंबाच्या संमतीने दोन्ही बाजूंची छायाचित्रे, ग्रॅममधील वजन, घेर, छाप, सांध्याचे स्वरूप, घरात त्या दागिन्याला असलेले नाव आणि तो कोणी व कोणत्या प्रसंगी वापरला याची आठवण, एवढे एका पानावर मावते. कसोटीवर घासण्याऐवजी क्ष-किरण यंत्राने तपासणी करावी. मात्र ती पृष्ठभागापुरतीच असते, हे ध्यानात ठेवावे. मालकाचे नाव व पत्ता गोपनीय राहावा. काळ लिहिताना एकच वर्ष न देता ‘यापूर्वीचा नाही’ व ‘यानंतरचा नसावा’ अशा दोन सीमा त्यांच्या कारणांसह द्याव्यात. सराफाच्या तराजूत दागिन्याचे केवळ वजन उरते. त्यापूर्वी भरलेले हे एक पान या भागातील पुरुषांचा पोशाख, प्रतिष्ठा व आर्थिक स्थिती यांच्या इतिहासाचे अस्सल साधन ठरेल.