चालत्या प्रोग्रॅमची चौकशी

संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. कोणता किती मेमरी खातो आहे, कोणता अडकून बसला आहे, हे आपण सहज पाहतो. पण ही माहिती संगणक देतो तरी कशी?

चालू प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. सर्व प्रोसेसची नोंद कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल (सैन्यातला नव्हे!), आपल्या मेमरीत ठेवतो. १९७०च्या दशकातील युनिक्समध्ये ‘पीएस’ ही आज्ञा ही यादी दाखवी. मात्र कर्नेलला विचारून नव्हे. नोंदतक्ता कुठे आहे, कसा आखला आहे, हे ठाऊक असल्याचे धरून ती थेट कर्नेलची मेमरीच वाचत असे. मुख्याध्यापकांच्या कपाटात हात घालून तिसऱ्या कप्प्यातली सातवी वही हजेरीपट म्हणून ओढावी, तसा हा प्रकार. कपाट नव्याने लावले की हाती भलतेच! शिवाय कपाटात काही फक्त हजेरीपट नसतो. लोकांनी टंकलेले पासवर्डही त्याच मेमरीतून जात. त्यामुळे ‘पीएस’ला खास अधिकार द्यावे लागत, आणि आमच्या मते खरा धोका तोच होता.

१९८४ साली बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी वेगळी वाट सुचवली. प्रत्येक प्रोसेस ही एक फाइल समजायची. ‘प्रोक’ नावाच्या डिरेक्टरीत प्रोसेसच्या क्रमांकाची फाइल दिसेल. ती डिस्कवर नसते, वाचू लागताच कर्नेल मजकूर पुरवतो. फाइल म्हटली की मालक आला, परवानगी आली. दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डोकावायला आपोआप मनाई झाली.

पुढे ‘प्लॅन ९’ या प्रणालीत प्रत्येक प्रोसेसची डिरेक्टरीच झाली आणि तिची स्थिती साध्या अक्षरांत वाचता येऊ लागली. १९९२मध्ये लिनक्सनेही अक्षरांचाच मार्ग धरला. सोय झाली खरी, पण खोडही आली. लिनक्सच्या ‘स्टॅट’ फाइलीत प्रोग्रॅमचे नाव कंसात येते, पुढे आकडे. नावातच बंद कंस असला तर? पहिल्या बंद कंसापाशी थांबणाऱ्याचे सगळे रकाने चुकतात. शेवटचा बंद कंस शोधावा लागतो. असले बारकावे प्रत्येकाने नव्याने शिकू नयेत, म्हणून लायब्ररी, म्हणजे तयार उपप्रोग्रॅमांचा संच, लिहितात.

तिच्यापुढचा अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे. क्रमांक ४१२ची माहिती वाचली, आणि तेवढ्यात ती प्रोसेस संपली. ‘सापडली नाही’ हे इथे बिघाडाचे नव्हे, नेहमीचे उत्तर मानावे लागते. त्याहून वाईट म्हणजे क्रमांक फिरून वापरले जातात. लिनक्समध्ये बराच काळ ही मर्यादा सर्वसाधारणपणे ३२,७६८ होती. शाळा सोडलेल्या मुलाचा हजेरी क्रमांक नव्या मुलाला द्यावा आणि जुन्याची शिक्षा त्याला व्हावी, तसे ‘४१२ बंद कर’ म्हणताच भलतीच प्रोसेस बंद पडू शकते. म्हणून जाणकार क्रमांकाबरोबर सुरू झाल्याची वेळही ताडून पाहतात. तरीही पाहणे आणि बंद करणे यांमध्ये क्षणभराची फट उरतेच. ती बुजवणारी, क्रमांकाऐवजी नेमकी तीच प्रोसेस धरून ठेवण्याची सोय लिनक्समध्ये २०१९ साली आली.