गुंतवळाचें गंगावन

केस विंचरतांना फणींत जो गुंता राहतो त्यास मराठींत गुंतवळ म्हणतात, आणि वेणी भरदार दिसावी म्हणून स्वतःच्या केसांत जे परके केस मिसळतात त्यांस गंगावन म्हणतात. पहिला शब्द टाकाऊ वस्तूचा आणि दुसरा शृंगाराचा. परंतु ज्या घरांत बाजारांतून गंगावन आणण्याची ऐपत नव्हती, किंवा ऐपत असूनहि परक्या डोक्यावरचे केस आपल्या डोक्यावर घेण्याची किळस होती, तेथें गुंतवळापासूनच गंगावन तयार होत असे. ही कला केवळ आपल्याकडचीच, असें मात्र नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोप व अमेरिका येथील गृहिणींनींहि ती मोठ्या चिकाटीनें साध्य केली होती. आणि तिच्यामागें काटकसरीखेरीज आणखी एक कारण होतें. बाजारांतला केस नेमका कोणाचा, हें विकत घेणारीस कधींच कळत नसे.

परके केस जोडण्याची हौस फार जुनी आहे. ईजिप्तमधील हिएराकोन्पोलिस येथील दफनभूमींत इ. स. पूर्वीं सुमारें ३४०० या काळांतील एका स्त्रीचे अवशेष सांपडले आहेत. तिच्या मूळच्या केसांना दुसरे केस गांठी मारून जोडलेले आढळले. ती कोणी राणी नव्हती; ती दफनभूमीच सामान्य श्रमिकांची होती. त्याच देशांतील अमार्ना येथें सुमारें ३३०० वर्षांपूर्वींच्या एका स्त्रीच्या डोक्यावर अशा सुमारें ७० जोडण्या मिळाल्या. त्यांतील केसांच्या छटा एकमेकींशीं जुळत नाहींत, यावरून ते एकाहून अधिक माणसांचे असावेत असा संशोधकांचा तर्क आहे. पुढें रोमन लोकांच्या वैभवकाळीं जर्मन स्त्रियांच्या पिंगट केसांची तेथें मोठी मागणी होती. रंग लावून आपले केस घालवून बसलेल्या प्रेयसीस ओव्हिड कवीनें बंदिवान जर्मन स्त्रियांच्या केसांची आठवण करून दिली आहे. म्हणजे जिंकलेल्या मुलुखांतून इतर लुटीबरोबर केसहि राजधानींत येत असत.

मध्यंतरीं फ्रान्सच्या लुई राजांच्या काळांत पुरुषांनींच केसांच्या टोपांचा कहर केला. तो इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे व येथें त्याचें प्रयोजन नाहीं. स्त्रियांच्या जोडकेसांची खरी लाट उसळली ती १८६० नंतर. त्या सुमारास पॅरिस व लंडन येथील स्त्रिया मानेवर 'शिन्याँ' नांवाचा मोठा अंबाडा घालूं लागल्या. आपल्याकडचा अंबाडा मुठींत मावतो. हा अंबाडा कधीं कधीं दुसऱ्या डोक्याएवढा दिसे. इतके केस निसर्ग क्वचितच देतो. तेव्हां उरलेला भाग विकत घ्यावा लागे, आणि विकत घ्यावयाचा म्हणजे तो विकणारें कोणीतरी असावें लागे.

विकणाऱ्यांत फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील शेतकऱ्यांच्या मुली पुष्कळ असत. टॉमस अडॉल्फस ट्रॉलप (प्रसिद्ध कादंबरीकार अँटनी ट्रॉलप याचा हा वडील बंधु) यानें १८४० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत तेथील एका जत्रेचें चित्र रेखाटलें आहे. केसांचे व्यापारी जत्रेंत फिरत आहेत. मुली एकामागून एक पुढें येत आहेत. मेंढीची लोकर कातरावी तसे त्यांचे केस कातरले जात आहेत. आणि बाकीच्या आपल्या टोप्या हातांत घेऊन, केस मोकळे सोडून पाळीची वाट पाहत उभ्या आहेत. मोबदला म्हणजे बहुधा एखादा रुमाल किंवा थोडें कापड. त्या प्रांतांत बायकांनीं घट्ट टोपी घालण्याची चाल होती, म्हणून कातरलेलें डोकें चारचौघांत दिसत नसे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीनें ही मोठीच सोय होती! व्हिक्टर ह्यूगो याच्या १८६२ सालच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरींत फांतीन दहा फ्रँकांना केस विकते व त्या पैशांतून मुलीसाठीं लोकरीचा परकर घेते. लुइझा मे अल्कॉट हिच्या १८६८ सालच्या 'लिट्ल विमेन' मध्यें जो ही मुलगी आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हातावर केस विकून मिळालेले २५ डॉलर ठेवते. दोन्ही गोष्टी कल्पित खऱ्या; परंतु केसांना भाव असतो आणि तो भाव नडलेल्या स्त्रीस ठाऊक असतो, हें त्या काळच्या वाचकास समजावून सांगण्याची गरज कोणाहि लेखकास पडली नाहीं.

घेणाऱ्या स्त्रियांच्या मनांत मात्र दयेपेक्षां भीति अधिक होती. १८६७ च्या सुमारास शिन्याँच्या केसांवर सूक्ष्म परोपजीवी जंतु असतात, अशी वार्ता इंग्लंडांतील वर्तमानपत्रांतून फार गाजली. तींत तथ्य थोडें व बोभाटा अधिक होता. तरी आपल्या मानेवर रुळणारे केस कोणत्या देशांतून, कोणाच्या डोक्यावरून, जिवंतपणीं कीं मरणानंतर निघाले, हा प्रश्न एकदां मनांत आला म्हणजे तो सहजासहजीं जात नाहीं.

नेमक्या त्याच वर्षीं, म्हणजे १८६७ सालीं, अमेरिकेंत मार्क कँपबेल नांवाच्या व्यापाऱ्यानें केशकामाचें एक स्वयंशिक्षक पुस्तक प्रसिद्ध केलें. न्यूयॉर्क व शिकागो येथें त्याचा केसांच्या मालाचा व्यवसाय होता. तोंपर्यंत हें ज्ञान कारागीर लोक गुप्त राखीत. कँपबेलनें तें आकृत्यांसह सर्वांस खुलें केलें: बटा कशा कराव्यात, जोडवेणी कशी विणावी, केसांचे दागिने कसे गुंफावे. त्यामागें व्यापाऱ्याचा हिशेब नव्हता असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु पुस्तकाच्या प्रास्ताविकांत त्यानें एका दुखऱ्या जागीं बोट ठेवलें आहे. त्या काळीं मृत आईबापांच्या किंवा अपत्याच्या केसांचीं स्मृतिचिन्हें करवून घेण्याची चाल होती. केस कारागिराकडे दिले कीं परत येणारें काम त्याच केसांचें असेल कीं दुसऱ्याच्या, याची खात्री कशी पटावी? स्वतःच्या हातानें विणल्यास ती शंका उरत नाहीं, हें त्याचें सांगणें. जोडवेणीसहि हेंच लागू होतें.

अशी जोडवेणी घरीं करण्याची सुरुवात शृंगाराच्या मेजावर होई. त्या मेजावर चिनी मातीची एक लहानशी डबी असे आणि तिच्या झांकणास मधोमध बोट जाईल एवढें भोंक असे. केस विंचरून झाले कीं फणींतील गुंतवळ बोटाला गुंडाळून त्या भोंकांतून आंत ढकलावयाचा. निरोगी माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतात. या मानानें वर्षाकाठीं १८,००० ते ३६,००० केस होतात. त्यांतील कांहीं वाटेंत सांडणार, कांहीं आंखूड निघणार. तेव्हां एका बारीकशा वेणीसाठीं वर्ष दोन वर्षें डबी भरत राहावें लागे. ज्यांना इतका धीर नसे त्या त्याच गुंतवळाची गोळी करून वरच्या केसांखालीं दडवीत व अंबाडा फुगवीत. त्या गोळीस इंग्रजी बोलींत 'रॅट', म्हणजे उंदीर, असें नांव होतें.

पुढचें काम सर्वांत किचकट. केस डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी तसा नसतो. छपरावर कौलें बसवावीं तसे त्यावर सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांचीं तोंडें टोंकाकडे असतात. कातरलेल्या केसांत सगळीं मुळें एका बाजूस राहतात, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात. गुंतवळांत मुळें व टोंकें उलटसुलट मिसळलेलीं असल्यामुळें खवल्यांत खवले अडकतात, आणि तशीच वेणी विणली तर पहिल्याच न्हाणांत तिचा लोकरीसारखा गोळा होतो. म्हणून प्रत्येक केसाचें मूळ ओळखावें लागे. त्याची युक्ति सोपी आहे. केस अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून मागेंपुढें चोळला कीं तो आपोआप मुळाच्या दिशेनें सरकूं लागतो. शाळेंतील मुलांनाहि करून पाहतां येण्याजोगा हा प्रयोग आहे. गुंता साबणाच्या कोमट पाण्यांत धुऊन सोडवावयाचा, एकेक केस असा पारखावयाचा, मुळें एका बाजूस लावावयाचीं, आणि मग लोखंडी खिळ्यांच्या फणीवरून ओढून लांबीप्रमाणें निवडावयाचे. हिवाळ्याच्या कित्येक संध्याकाळ यांत जात.

त्यानंतर विणकाम. मेजाच्या कडेस दोन उभ्या दांड्या बसवून त्यांत रेशमाचे तीन धागे, एकाखालीं एक, ताणीत. थोड्याशा केसांची बट घेऊन तिचें मूळ या तीन धाग्यांतून खालींवर असें नागमोडी फिरवीत व ती बट आधींच्या बटेला घट्ट भिडवीत. असें करीत गेलें म्हणजे केसांची झालर तयार होई. वर रेशमी कांठ आणि खालीं मोकळे केस. ही झालर दोरीभोंवतीं पिळाप्रमाणें गुंडाळून शिवली कीं वेणीचा एक पेड होई. असे तीन पेड वर एका फांशांत बांधले कीं जोडवेणी पुरी झाली. तो फांसा आकड्यानें मूळच्या केसांत अडकवावयाचा. आज क्लिप लावलेले जे जोडकेस मिळतात त्यांत झालर तीच आहे. फांसा व आकडा यांच्या जागीं दातेरी क्लिप आली एवढाच फरक.

महाराष्ट्रांतील गृहिणीपाशीं चिनी मातीची डबी नव्हती. तिचा गुंतवळ फडक्यांत बांधून कोनाड्यांत किंवा भिंतीच्या फटींत खोंचलेला असे. तो उकिरड्यावर टाकणें अशुभ, आणि परक्याच्या हातीं पडला तर करणीचें भय. म्हणून तो जपला जाई. पुरेसा सांठला म्हणजे रिठ्याच्या पाण्यांत धुऊन, उकलून, काळ्या दोऱ्यानें एका टोंकास आवळून त्याचें गंगावन होई. केस विरळ झालेल्या कित्येक वृद्ध स्त्रियांच्या अंबाड्यांत त्यांच्याच तरुणपणचे केस असत. करणीच्या समजुतीस आज कोणी हंसेल. पण तिच्यामुळें आपला केस आपल्याच घरांत राहिला, हेंहि खरें. बाजारी गंगावनाचें मोठें गिऱ्हाईक होती ती नाटकमंडळी. बालगंधर्वांच्या पिढींत स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि त्यांचा केशसंभार उसना असणें ओघानेंच आलें.

पाश्चात्य देशांत १९२० नंतर स्त्रियांनीं केस आंखूड कापले आणि मेजावरच्या डब्या अडगळींत गेल्या. पण केसांचा व्यापार थांबला नाहीं, त्याचें माहेर तेवढें बदललें. चीनमध्यें १९११ च्या क्रांतीनंतर पुरुषांच्या वेण्या कापल्या गेल्या व चिनी केस जगभर गेले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें कम्युनिस्ट चीनच्या केसांवर बंदी घातली, तेव्हां मागणी भारताकडे वळली. तिरुमला येथें भाविक वेंकटेशास जे केस अर्पण करतात त्यांचा देवस्थानाकडून लिलाव होतो, आणि लांब केस टोप व झालरी यांसाठीं परदेशीं जातात. अर्पण करणारीस त्याबद्दल कांहीं मिळत नाहीं व ती तशी अपेक्षाहि करीत नाहीं. मात्र केस कोणाचे हा जुना प्रश्न तेथेंहि निघालाच. २००४ सालीं कांहीं सनातनी ज्यू धर्मगुरूंनीं, मूर्तिपूजेच्या विधींतून आलेले केस म्हणून, भारतीय केसांचे टोप निषिद्ध ठरविले आणि इस्राएल व न्यूयॉर्क येथें असे टोप रस्त्यांत जाळण्यांत आले. ज्या बाईनें नवस फेडण्यासाठीं ते केस उतरविले असतील तिला याची वार्ताहि नसणार.

आज घरीं जोडकेस तयार करणारी स्त्री विणलेली झालर वाराप्रमाणें विकत आणते. डोक्याच्या मागें या कानापासून त्या कानापर्यंत माप घेते, त्या मापाचे तुकडे कापते, कापलेली कड सुटूं नये म्हणून दोऱ्यानें बांधते आणि दोन्ही टोंकांस व मध्यें क्लिपा शिवते. एका दुपारचें काम. सर्व कांहीं ती स्वतः करते, केस तेवढे दुसऱ्याचे असतात. गुंतवळहि अद्याप वायां जात नाहीं. गांवोगांव फिरणारे लोक भांडीं किंवा फुगे देऊन तो घेतात, आणि तो कर्नाटकांतील कोप्पळ किंवा बंगालमधील मुर्शिदाबाद अशा भागांत पोंचतो. तेथें बायका जमिनीवर बसून सुईनें तो उकलतात, लोखंडी खिळ्यांच्या फणीवरून ओढतात आणि लांबीप्रमाणें त्याच्या जुड्या बांधतात.