लंगडं इंजिन

शुक्रवारी रात्री रिलीज एकदाचं पार पडलं आणि शनिवारी सकाळी मी जळगावच्या घरी पोचलो. बॅगेत लॅपटॉपच्या शेजारी मोज्यात गुंडाळलेलं एक वाफेचं इंजिन होतं. खरं नव्हे हो! १:८७ मापाचं, तळहातावर मावणारं, विजेवर चालणारं मॉडेल. ऑनसाईट असताना तिथल्या जुन्या बाजारात सेकंडहॅन्ड मिळालं होतं. (हा किडा मला चावला तो कोथरूडला, भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. १९९८ पासून ते सुरू आहे, पुण्यात असाल तर जाऊन याच.)

तर या इंजिनाची तक्रार अशी, की रुळावर ठेवलं की चाक अर्धा फेरा नीट फिरायचं, मग एक आचका, मग ठप्प. मी पडलो इंजिनिअर. वायरी तपासल्या, तेल घातलं, आणि रॉड खुळखुळत होते म्हणून त्यांचे स्क्रू चांगले आवळले. त्यानंतर जे काही थोडंफार चालत होतं तेही बंद पडलं.

आजोबा भुसावळच्या शेडमध्ये फिटर होते. आता त्यांना बारीक दिसत नाही. त्यांनी इंजिन हातात घेतलं, चाक बोटानं हळूहळू फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, "मधलं चाक सरकलं. अन् तू रॉड कायले आवळले?"

चाक सरकलं म्हणजे काय, ते आधी सांगतो. वाफेच्या इंजिनाला साधारणपणे दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. पिस्टन अगदी टोकाला गेला की तो चाकाला ढकलू शकत नाही. दोन्ही पिस्टन एकदमच टोकाला गेले तर इंजिन जागचं हलणारच नाही. म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाच्या क्रँकमध्ये ९० अंशांचा फरक ठेवतात. एक बाजू अडली की दुसरी ऐन जोरात असते. चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फुसकारे ऐकू येतात ते यामुळेच. लहानपणी आपण जी झुकझुक करत पळायचो, ती म्हणजे हे ९० अंश! आणि चाकं एकमेकांना रॉडनं जोडलेली असल्यामुळे एका ॲक्सलचा कोन बिघडला की सगळेच अडतात.

हे गणित आपल्याकडे पहिल्या गाडीबरोबरच आलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. जीआयपी रेल्वेची ती पहिली इंजिनं लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली होती, पुढे दोन लहान चाकं आणि मागे रॉडनं जोडलेली चार मोठी. पुढच्या दशकात रूळ खानदेशात शिरले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या काळ्या मातीतला कापूस आठवला. म्हणजे इंजिनं लँकेशायरहून यायची आणि कापूस लँकेशायरला जायचा. भुसावळ तोवर लहानसं गाव. तिथून एक फाटा नागपूरकडे, एक जबलपूरकडे निघाला आणि गावाचं जंक्शन झालं. १९०० मध्ये चाळीसगाव–धुळे रूळ पडले. (आमचं आजोळ धुळ्याचं, त्यामुळे या मार्गावर माझा विशेष लोभ!) पाचोरा–जामनेरची ७६२ मिलिमीटर रुळांवरची छोटी गाडी तर २०२० पर्यंत धावत होती.

इतिहासाच्या पुस्तकांत इंजिनांची नावं असतात, साहिब, सिंध, सुलतान. पण इंजिन रोज ढिलं होतं. रॉडच्या टोकांतले बुश झिजतात, ठोके पडू लागतात. मग आजोबांसारखे लोक ब्रेक लावून इंजिनाला थोडी वाफ पुढे, थोडी मागे द्यायला लावत आणि कुठला सांधा हलतोय ते बघत. आजोबांना म्हणे बघावंही लागत नसे. गंमत म्हणजे सगळं ढिलेपण काढायचं नसतंच. रुळांच्या सांध्यांवर चाकं वरखाली होतात, त्यामुळे रॉडला थोडी मोकळीक लागतेच. ती किती, हे ड्रॉइंगमध्ये छापलेलं असतं आणि हातात मुरावं लागतं.

चित्तरंजनला ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये बनलं, त्याचं नावच 'अंतिम सितारा'. पुढे आजोबांची बदली विजेच्या इंजिनांवर झाली. तिथे प्रत्येक ॲक्सलला स्वतःची मोटर. रॉडच नाहीत! "मंग पुन्हा पहिलीत बसलो," ते म्हणाले. तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. मी एका जुन्या भाषेतल्या प्रोजेक्टवर पाच वर्षं आहे, त्यामुळे हे ऐकून चहा जरा कडूच लागला. असो.

दुपारी आम्ही दोघं कामाला बसलो. रॉड काढले. डोळे माझे, डोकं आजोबांचं. चाकाच्या आऱ्यांतून पलीकडचा क्रँक बघायचा आणि मधला ॲक्सल पुढच्याशी जुळवायचा. मी मोबाईलवर कोनमापक उघडला तर म्हणाले, "बरोबर नव्वदच पायजे असं नाही रे. तिन्ही सारखे पायजे." चाक हातानं पिळून जागेवर आणलं, ॲक्सल आणि चाकाच्या मध्ये सुईच्या टोकानं चिकटद्रव्याचा एक थेंब सोडला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

रविवारी सकाळी रॉड लावले, फळीवर दोन मीटर रूळ मांडले. इंजिन निघालं, न अडखळता. मी टाळी वाजवणार तेवढ्यात आजोबांनी हात वर केला. "मागचा स्क्रू अजून आवळलेला हाये. अर्धा आटा सोड."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. तरी सोडला. इंजिन फळीच्या टोकापर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. आजोबांनी हात खाली घेतला आणि पेपर उघडला.