दार हातानं उघडलं पाहिजे

आमच्या मराठवाड्यातल्या सरकारी बसची मुळं निजामाच्या राज्यात आहेत. जून 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्यानं 27 बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि 1961 साली मराठवाड्याची बससेवा आजच्या एसटी महामंडळात विलीन झाली. नांदेड-लातूरच्या माणसानं मोटारीच्या दाराकडे लक्ष देऊन पाहिलं असेल, तर ते या एसटीतच. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरं वाचत आमच्या कित्येक पिढ्या उभ्यानं गावाला गेल्या.

मी लातूरचा. नोकरी नांदेड जिल्ह्यात, आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात गेली. एसटीच्या त्या संकटकाळच्या दाराचा दांडा मी मुलांना आवर्जून दाखवत असे. दांडा फिरवला की लोखंडी पट्टी खाचेतून निघते आणि दार मोकळं होतं. हात आणि कडी यांच्यामध्ये वायर नाही, मोटर नाही, बॅटरी नाही. दाराचं कुलूप कसं असावं याचा निम्मा धडा त्या दांड्यात आहे.

उरलेला निम्मा धडा काळी-पिवळीनं शिकवला. औसा, निलंगा, लोहा, कंधारच्या रस्त्यांवर धावणाऱ्या त्या जीपांना बाजूला ताडपत्रीचे पडदे असायचे आणि मागं माणसं लटकलेली. गाडी उलटली की माणूस बाहेर फेकला जायचा आणि तिच्याचखाली सापडायचा. बंद गाड्यांतही हेच घडत होतं, हे अमेरिकेत 1950च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या अपघात-संशोधनानं दाखवून दिलं. धडकेत दारं आपोआप उघडत आणि बाहेर फेकलेल्यांच्या जिवाला आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त धोका असे. मग फोर्डनं 1956च्या गाड्यांत मजबूत लॅच बसवले. मर्सिडीजनं 1959 साली, धडकेतही दार धरून ठेवणारं कुलूप आणलं. 1968 पासून अमेरिकेत दाराच्या लॅचला कायद्याची कसोटी लागली. दार धडकेत उघडता कामा नये, एवढ्या एका गोष्टीसाठी ही सगळी खटपट होती.

तो लॅच आजही तसाच आहे. दाराच्या कडेला एक काट्यासारखी चकती असते. ती खांबावरच्या लोखंडी कडीला मिठी मारते आणि एक छोटा अडसर तिला परत फिरू देत नाही. पहिल्या खटक्याला दार अर्धवट लागतं, दुसऱ्याला पूर्ण. आतलं हँडल ओढलं की सळई किंवा केबल तो अडसर बाजूला करते. अॅम्बेसेडर असो की मारुती 800, हात ते अडसर हा रस्ता अखंड लोखंडाचा होता.

मग आमच्याकडे ‘सेंटर लॉक’ आलं. कंपनीच्या आधी ते आणलं दुकानदारांनी. डब्यात चार मोटरी यायच्या. ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरीला पाच वायरी, बाकीच्या तिघींना दोन-दोन. दाराचा पुठ्ठा खोलून ती मोटर कुलपाच्या सळईला स्क्रूनं जोडायची, की झालं. चांगला फिटर सळई मोकळी राहील याची काळजी घ्यायचा, म्हणजे वीज गेली तरी खिडकीजवळची खुंटी बोटानं वर ओढता येई. पण चोर काचेतून तार घालून खुंटी उचलतात म्हणून काही जण ती कापूनच टाकायला सांगत. चोराच्या भीतीनं माणूस आपल्याच लेकरांची वाट बंद करतो, हे पाहून मला तेव्हाही वाईट वाटे.

आपल्याकडच्या कायद्यानं या गोष्टीची दखल उशिरा घेतली, पण घेतली. नव्या मॉडेलांना 1 ऑक्टोबर 2017 पासून आणि सगळ्या कारना 2019 पासून धडकेची चाचणी सक्तीची झाली. तिच्यात दोन अटी एकमेकींना लागून आहेत. धडकेच्या वेळी एकही दार उघडायचं नाही, आणि धडक झाल्यावर सीटच्या प्रत्येक रांगेचं निदान एक दार अवजाराशिवाय उघडलं पाहिजे. शिवाय 1 जुलै 2019 पासून सेंट्रल लॉकिंग हातानं उघडण्याची सोय प्रत्येक नव्या कारमध्ये बंधनकारक झाली. एअरबॅग आणि सीटबेल्टच्या गजरामागं हा नियम झाकला गेला. माझ्या मते तो त्यांच्याइतकाच मोलाचा आहे.

कारण आता काही नव्या, महागड्या गाड्यांत हँडलच्या जागी बटण आलंय. ते दाबलं की लॅचमधली मोटर अडसर ओढते. इलेक्ट्रिक गाडीचीसुद्धा दारं मोठ्या बॅटरीवर चालत नाहीत, साधारणपणे 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. धडकेत ती तुटली किंवा तिची वायर जळाली, की बटण मुकं होतं. म्हणून मुंबईत जुलै 2025 मध्ये विक्री सुरू झालेल्या टेस्ला मॉडेल वायसारख्या गाडीत हातानं ओढायची वेगळी सोयही असते. पण मागच्या दारांना ती जिथे दिलेली आहे, तिथे ती दाराच्या कप्प्याच्या तळाशी, झाकणाखाली. धुरानं भरलेल्या गाडीत, अंधारात, ते झाकण कोण शोधणार? लपवलेल्या केबलला मी सोय मानत नाही. चीननं 1 जानेवारी 2027 पासून दाराला आतून-बाहेरून यांत्रिक हँडल सक्तीचं केलं आहे. आपणही तेच करावं.

ही गोष्ट कारपुरती नाही. समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस उलटून पेटली. दार डाव्या बाजूला होतं आणि बस डाव्याच कुशीवर पडली. तिच्यातली 25 माणसं गेली. वाचली ती काच फोडून बाहेर पडलेली. दार मिळालं नाही तर दुसरी वाट हवी, आणि ती हाताला लागेल अशीच हवी. लातूर-नांदेडहून पुण्या-मुंबईला रोज रात्री निघणाऱ्या स्लीपर बसमध्ये ती वाट पडद्यामागं किंवा सामानामागं असता कामा नये.

लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून 25 डिसेंबर 2020 रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला आणि आता वंदे भारत स्लीपरचं काम त्याच्याकडे आलं आहे. त्या गाड्यांची दारं विजेवर सरकतात, आणि अडचणीच्या वेळी हातानं उघडण्याचं हँडलही त्यांना असतं. आमच्या आयटीआयची पोरं तिथं कामाला लागतील, तेव्हा त्यांनी त्या हँडलचा प्रत्येक नट मनापासून आवळावा.

आणि तुम्ही, गाडी लातूरची एमएच-24 असो की नांदेडची एमएच-26, आज ती दारात उभी असताना मागच्या सीटवर बसा. कुलूप लावा आणि आतून दार उघडून पाहा. चाइल्ड लॉक लागलेलं असेल तर ते आतून उघडणार नाही. मग काच खाली करून बाहेरचं हँडल कुठवर हाताला येतं ते बघा. हँडलऐवजी बटण असेल तर हातानं उघडायची केबल कुठे आहे हे गाडीच्या पुस्तकात वाचा, आणि घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून नातवापर्यंत, ती एकदा स्वतःच्या हातानं ओढायला लावा.